लोहगावची धावपट्टी आणि पुरंदरची सात गावे

गिरगावातल्या चाळीत ज्यांनी सामाईक नळावर दिवस काढले आहेत, त्यांना पुण्याच्या लोहगाव विमानतळाची अडचण फोड करून सांगण्याची गरज नाही. नळ एकच, पाणी ठराविक वेळचे आणि शेवटचा शब्द मालकाचा. लोहगावचा मालक आहे भारतीय हवाई दल. १९३९ साली ब्रिटिशांनी हे ठाणे उभारले ते लष्करासाठी. आज तेथून सुखोई विमाने उडतात. नागरी विमाने उतरतात तीही त्याच धावपट्टीवर. विमानतळ प्राधिकरणाच्या हाती आहे ती प्रवासी इमारत आणि विमाने उभी करण्याची जागा. जुलै २०२४ मध्ये तेथे नवी, प्रशस्त इमारत वापरात आली. परंतु मोरी मोठी केल्याने नळाचे पाणी वाढत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी ही एकुलती एक धावपट्टी १६ ते २९ तारखेपर्यंत बंद राहिली, तेव्हा विमानाने जाऊ इच्छिणाऱ्या पुणेकराला आधी मुंबई गाठावी लागली.

याचा दोष हवाई दलाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वैमानिकाचा सराव प्रवाशांच्या सोयीने पुढेमागे करता येत नाही. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षानंतर संरक्षण दलांच्या विमानतळांवरून उडणाऱ्या, विशेषतः पश्चिम सीमेलगतच्या, नागरी विमानांतील खिडक्यांचे पडदे दहा हजार फुटांपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश निघाला. आपण कोणाच्या अंगणातून ये-जा करतो, याची प्रवाशांना त्या वेळी प्रथमच जाणीव झाली असेल.

दोष आहे तो निर्णय लांबविणाऱ्यांचा. पुण्याला स्वतंत्र नागरी विमानतळ हवा, ही चर्चा जुनी आहे. प्रथम चाकणचे नाव झाले. तेथे जमेना तेव्हा २०१६ मध्ये पुरंदरचे नाव पुढे आले. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी आणि वनपुरी ही ती सात गावे. (खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याशी जोडलेले गाव, हे शिक्षकवर्गाला सांगायला नकोच.) हा अंजीर आणि सीताफळ यांचा मुलूख, पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी करण्यास गेलेल्या यंत्रणेला ग्रामस्थांनी अडविले आणि त्यांची पोलिसांशी झटापट झाली. पुढे बहुसंख्य जमीनधारकांनी संमतीपत्रे दिल्याचे प्रशासनाने सांगितले. संमती ही मात्र सातबारावर ज्याचे नाव आहे त्याची. त्याच बागेत रोजाने अंजीर तोडणाऱ्या बाईची संमती कोणी मागितली?

येथे गोव्याकडे पाहणे उपयोगी ठरेल. पोर्तुगीजांनी बांधलेला दाबोळीचा विमानतळ मुक्तीनंतर, १९६२ मध्ये, नौदलाकडे आला. आठवड्याचे पाच दिवस सकाळी साडेआठच्या सुमारापासून दुपारी एकपर्यंतचा वेळ नौदलाच्या सरावाचा, हा तेथला दीर्घकाळचा परिपाठ. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला. त्याने दाबोळीचा प्रश्न मिटला काय? दाबोळी चालू राहिली, काही विमान कंपन्या मोपाकडे वळल्या आणि आपला विमानतळ उद्या बंद पडेल की काय, ही धास्ती दक्षिण गोव्याला लागून राहिली. दुसरा विमानतळ बांधण्यापूर्वी पहिल्याचे काय करणार, हे ठरले नाही, की असेच होते.

पुण्यातही तोच प्रश्न अनुत्तरित आहे. पुरंदर झाल्यावर लोहगावची नागरी वाहतूक थांबणार, की दोन्हीकडे चालणार? दोन्हीकडे चालणार असेल, तर पुरंदरला जमीन किती लागेल, हा हिशेब बदलतो. हवाई दलाच्या सरावाचे तास वगळता लोहगावला आणखी किती विमाने सामावतील, याचे उत्तर गुप्ततेला धक्का न लावताही देता येईल. ते संसदेत किंवा विधिमंडळात मांडले जावे, आणि सात गावांतील जमिनीचा ताबा घेण्याआधी मांडले जावे. ज्याची बाग जाणार आहे, त्याला ही आकडेमोड पाहण्याचा पहिला हक्क आहे.