कबिराचीं फुलें

कबिराच्या देहाचीं फुलें झालीं, ही गोष्ट आपल्या घरांतून बहुतेक मुलांनीं आजीच्या तोंडून ऐकिलेली असते. कबीर निजधामास गेले. हिंदु शिष्य म्हणाले, दहन करूं. मुसलमान शिष्य म्हणाले, दफन करूं. तंटा हातघाईवर आला, आणि चादर उचलून पाहतात तों देहाच्या ठिकाणीं फुलांची रास! अर्धीं फुलें यांनीं घेतलीं, अर्धीं त्यांनीं. हें खरेंच घडलें काय, असें मुलानें विचारिलें म्हणजे वडील मंडळींपैकीं कोणी म्हणतात, 'संतांच्या लीलेविषयीं शंका घेऊं नये'. कोणी म्हणतात, 'सगळ्या भाकडकथा!' आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें आळसाचीं होत. गोष्टीचा आदर राखूनहि तिची चिकित्सा करितां येते, आणि चिकित्सा केल्यानेंच तिचा अर्थ हातीं लागतो.

मगहर हें गांव उत्तर प्रदेशांत, गोरखपुराच्या पश्चिमेस, आमी नदीच्या कांठीं आहे. काशींत मरण आलें तर मोक्ष आणि मगहरास आलें तर गाढवाचा जन्म, अशी त्या प्रांतीं जुनी समजूत. कबिरांनीं हयात काशींत विणकाम करण्यांत घालविली आणि अखेरीस मुद्दाम मगहर गांठलें. परंपरेप्रमाणें १५१८ सालीं त्यांनीं तेथेंच देह ठेविला. आज त्या ठिकाणीं एकाच आवारांत हिंदूंची समाधि आणि मुसलमानांची मजार अशा दोन वास्तु उभ्या आहेत. स्थानमाहात्म्य मोडावयास जो तेथें गेला, त्याच्याच पायीं तें स्थान क्षेत्र झालें. आणि दोन्ही पंथांच्या आग्रहांस ज्यानें सारखेंच फटकारिलें, त्याच्या वांट्यास दोन स्मारकें आलीं!

आतां इतिहासाकडे वळूं. कथा सांगते कीं, राजा वीरसिंहानें अर्धीं फुलें काशीस नेऊन दहन केलीं आणि त्यांची रक्षा कबीरचौऱ्यास ठेविली. उरलेलीं बिजलीखान पठाणानें मगहरास पुरलीं. असें असेल तर मगहरास हिंदूंची समाधि कशाची? पुढें जुन्या पुरातत्त्वीय नोंदींत बिजलीखानानें ती कबर १४५० सालीं बांधिली व १५६७ सालीं फिदाईखानानें तिचा जीर्णोद्धार केला, असें म्हटलें आहे. परंतु सिकंदर लोदीनें कबिरांचा छळ केला हीहि कथा प्रसिद्ध आहे, आणि लोदी तर १४८९ सालीं गादीवर आला! दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असूं शकत नाहींत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानें 'ऐन-इ-अकबरी'मध्यें दहन-दफनाच्या वादाचा उल्लेख केला आहे. पण कबिरांचें विश्रांतिस्थान म्हणून तो जगन्नाथपुरी आणि रतनपूर हीं नांवें देतो. म्हणजे शंभर वर्षांच्या आंतच एका देहावर अनेक गांवांनीं हक्क सांगितला होता.

याहून विशेष असें कीं, हीच कथा गुरु नानकांविषयींहि सांगतात. रावीच्या कांठीं कर्तारपूर येथें १५३९ सालीं ते निवर्तले. तेथेंहि चादरीखालीं फुलें निघालीं, चादरीचे दोन तुकडे झाले, आणि आजहि तेथील गुरुद्वाऱ्याच्या आवारांत समाधि व मजार दोन्ही आहेत. २०१९ सालीं भारतांतील यात्रेकरूंसाठीं जो मार्ग उघडण्यांत आला, तो ह्याच स्थानासाठीं. एकच चमत्कार दोन महापुरुषांच्या अंतकाळीं घडतो, तेव्हां ती घटना नसून एक प्रिय झालेली कल्पना आहे, असें मानणें प्राप्त होतें.

मग ही कल्पना फुलांचीच कां? येथें भाषेनें एक खूण ठेविली आहे. आपण ज्यांस अस्थि म्हणतों, त्यांस हिंदी मुलखांत 'फूल' म्हणतात. चितेवरून अस्थि वेंचणें म्हणजे 'फूल चुनना'. आणि त्याच प्रांतांतील मुसलमान मृत्यूच्या तिसऱ्या दिवसाच्या विधीसहि 'फूल' असेंच नांव देतात. म्हणजे दोन्ही घरांच्या शोकांत तो एकच शब्द होता. तंटा करणाऱ्या दोघांच्याहि ओंजळींत एकच वस्तु घालावयाची, तर तिला ह्याहून योग्य नांव कोठून मिळणार? ही कथा ज्या कोणीं प्रथम सांगितली, त्याच्या कानीं हा ध्वनि असलाच पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

दहन हिंदूंचें व दफन मुसलमानांचें, ही वांटणीहि दिसते तितकी सरळ नाहीं. आपल्याकडे संन्याशास पुरतात, अग्नि देत नाहींत. नाथपंथी जोग्यांतहि तीच चाल. हजारीप्रसाद द्विवेदी यांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'कबीर' ह्या ग्रंथांत कबिरांच्या विणकर जातीचा ह्याच नाथपंथी जोग्यांशीं संबंध जोडिला आहे. तेव्हां ज्या रेषेवरून शिष्य भांडले, ती रेषा गुरूच्या कुळांतच पुसट झालेली असावी.

देह वांटतां येत नाहीं. वांटला तर तो देह राहत नाहीं. फुलांचें तसें नव्हे. अर्धी रास उचलली तरी ओंजळींतलें प्रत्येक फूल पुरतेंच असतें. कबिरांच्या वाणीचें असेंच झालें. शिखांनीं ती ग्रंथसाहिबांत घेतली, कबीरपंथीयांनीं 'बीजक' म्हणून जपली, राजपुतान्यांत दादूपंथीयांनीं आपल्या संग्रहांत उतरून घेतली. आणि १७६२ सालच्या 'भक्तविजया'मुळें महिपतींनीं कबिरांची कथा आपल्या माजघरांत आणून बसविली. पाठभेद पुष्कळ आहेत, पण एकानें घेतल्यामुळें दुसऱ्याचें उणें झालें नाहीं. फुलें तीं हींच, असें आम्ही समजतों.

हें सांगण्याचें कारण दूरच्या मगहरांत नाहीं. आम्हीं अनेक घरांच्या वांटण्या पाहिल्या आहेत. शेत आणि भांडीं पंचांपुढें एक वेळ सुरळीत वांटलीं जातात; परंतु वडिलांचें श्राद्ध कोणाच्या घरीं आणि देव्हाऱ्यांतले टाक कोणाकडे, ह्यावरून सख्ख्या भावांचें बोलणें तुटतें. दोघांचीहि वडिलांवर भक्ति असते, म्हणूनच तंटा मिटत नाहीं. अशा घरांस आमची विनंती एवढीच कीं, टाक थोरल्याकडे असोत वा धाकट्याकडे, येत्या श्राद्धतिथीस दोन्हीकडचीं मुलें एका पंक्तीस बसवावीं, आणि वडिलांनीं दिवेलागणीस शिकविलेली रामरक्षा त्यांजकडून म्हणवून घ्यावी. ती दोन्ही घरीं सबंधच निघेल.