सेन्सरचा स्पेसर आणि हलालची रोजी

दहिसरच्या चेकनाक्याशी आम्हा कापडवाल्यांची ओळख फार जुनी आहे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी बंद झाली. त्याआधी सुरतेकडून येणारा मालाचा ट्रक इथे थांबल्याशिवाय शहरात शिरत नसे. त्या रांगेत आम्ही दोन प्रकारचे व्यापारी पाहिले. एक खरे बिल दाखवून जकात भरणारा आणि दुसरा कमी किमतीचे बिल बनवून पुढे सरकणारा. दुसऱ्याचा माल तोच राही, तपासणाऱ्याला मात्र तो वेगळा दिसे.

ही आठवण निघाली ती नात्यातील एका तरुण मेकॅनिकच्या प्रश्नावरून. त्याचे महामार्गालगत छोटे गॅरेज आहे. एका जुम्याला नमाजनंतर त्याने आम्हाला थांबवून विचारले, "चाचा, टर्बो गाड्यांना आम्ही बाहेरचा डाउनपाइप बसवतो आणि सोबत सेन्सरला स्पेसर लावतो. मजुरी चांगली मिळते. पण हे काम जायज आहे का?"

आम्ही कापडातली माणसे. म्हणून फतवा देण्याऐवजी आधी काम समजावून घेतले.

टर्बोमधून निघणारा धूर ज्या नळीतून खाली उतरतो ती डाउनपाइप. अनेक गाड्यांत तिथेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तीन विषारी वायूंचे प्रमाण तो खूपच कमी करतो. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. शौकीन मंडळी तो काढून मोकळी नळी बसवतात, कारण धुराला अडथळा कमी झाला की टर्बो लवकर फिरतो आणि ताकद वाढते.

पण गाडीत दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिला कन्व्हर्टरच्या आधी, दुसरा नंतर. पहिला इंधनाचे माप सांभाळतो, दुसरा मुख्यतः कन्व्हर्टरची राखण करतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो, सोडतो आणि मागच्या सेन्सरला वायू जवळजवळ स्थिर दिसतो. कन्व्हर्टरच नसेल तर पुढचे चढउतार मागेही तसेच दिसतात आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. हा दिवा लागू नये म्हणून लेथवर केलेला एक पोकळ नट मध्ये घालतात. तोच स्पेसर. त्यामुळे सेन्सरचे टोक धुराच्या प्रवाहातून मागे सरकते, बारीक छिद्रातून थोडाच वायू त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि सगळे ठीक असल्याचा त्याचा समज होतो.

म्हणजे नाक्यावरच्या माणसाची खुर्ची उचलून गल्लीत ठेवायची आणि सांगायचे की नाक्यावर सर्व काही ठीक आहे. आमच्या धंद्यात विरळ कापडाला खळ भरून ते जाड दाखवतात. पहिल्या धुण्यात त्याचे पितळ उघडे पडते. स्पेसरचे पितळ उघडे पडत नाही, कारण धुणे दुसऱ्याच्या छातीत होते.

हेच काम एका बलाढ्य कंपनीने संगणकाच्या आज्ञावलीने केले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचे बिंग फुटले. त्यांच्या डिझेल गाड्या तपासणी चालू असताना स्वच्छ वागत आणि रस्त्यावर धूर सोडत. आपल्याकडे पुण्याच्या ए.आर.ए.आय. संस्थेने चाचण्या केल्या आणि कंपनीला सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे सक्तीची कारवाई थांबवली, हा भाग वेगळा. त्या वेळी आपण सर्वांनी कंपनीला नावे ठेवली. मग तेच काम आपल्या गॅरेजात केले तर त्याला कारागिरी कसे म्हणायचे?

आमच्या तरुणाने तीन सबबी सांगितल्या. त्या खोट्या नव्हत्या, म्हणून त्यांचे उत्तर द्यायला हवे.

पहिली, गाडी पीयूसीत पास होते. होतही असेल. पण पेट्रोल गाडीची पीयूसी उभ्या गाडीवर होते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मोजलीच जात नाहीत. तराजू अपुरा आहे म्हणून कमी तोलणे हलाल होत नाही.

दुसरी, गिऱ्हाईक स्वतःच मागतो. गाडी त्याची, पण हवा त्याची नाही. शिवाय हीच गाडी उद्या विकली जाईल. नव्या मालकाला दिवा विझलेला दिसेल आणि तो निर्धास्त पैसे मोजेल. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहिला आणि तो वर का ठेवला नाही असे विचारले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. स्पेसर हा त्या ढिगावरचा कोरडा थर आहे.

तिसरी, आम्ही नाही केले तर शेजारचा करील. ही सबब आम्हीही जकातीच्या रांगेत ऐकली आहे. शेजाऱ्याचा हिशोब शेजारी देईल.

कायद्याची बाजूही गिऱ्हाइकाला क्वचितच सांगितली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मजुरी आपल्याला आणि जोखीम त्याला, असा हा सौदा आहे. तो न सांगता करणे ही फसवणूकच आहे.

आणखी एक गोष्ट अमानतीची. काढलेल्या कन्व्हर्टरमधील धातूंना कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे चांगली किंमत येते. गिऱ्हाइकाला ती ठाऊक नसते आणि तो भाग गॅरेजातच राहतो. मालकाला न सांगता ठेवलेला तो भाग कोणाचा, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

मग कारीगराने पोट कशावर भरावे? आमचे म्हणणे हात आखडण्याचे नाही. दिवा लागला तर तो का लागला हे शोधण्याची मजुरी घ्या. सेन्सर खराब असेल तर बदला, नळीची गळती वेल्ड करा, कन्व्हर्टर संपला असेल तर गाडीला मान्य असलेला नवा बसवा. जुना भाग मालकाच्या हाती द्या आणि केलेले काम बिलावर स्पष्ट लिहा. जे काम बिलावर लिहिताना पेन अडखळते, ते हाती घेऊ नये, ही आमच्या दुकानातली साधी कसोटी आहे.

मुंबईतील किती तरी गॅरेजे आणि लेथ आपल्या बांधवांच्या हातावर चालतात. उस्तादाने आज जे केले ते शागीर्द उद्या करतो. आमच्या तरुणाचे काही गिऱ्हाईक कमी होईल, हे आम्ही त्याला लपवले नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की घेतलेली दोन कामे तो आगाऊ रक्कम देऊन परत करील. अल्लाह त्याच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या सर्वांना माप पुरे भरण्याची बुद्धी देवो.