बुटक्या कोंबड्यांची थंडी
दिवाळी सरली की नाशिक-निफाडकडे कडाक्याची थंडी पडू लागते. परसातल्या बुटक्या बँटम कोंबड्या कुडकुडताना पाहून जीव कळवळतो, आणि कोणी खुराडे गोणपाटाने गच्च बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवतात. भगिनींनो, असे मुळीच करू नका! कोळशाचा विषारी वायू कोंडला, तर सकाळी एकही कोंबडी उठायची नाही.

बँटमचा देह लहान, म्हणून ऊब लवकर निघून जाते हे खरे. पण फुलवलेल्या पिसांत धरलेली हवा हीच तिची रजई. पिसे ओली झाली की ती रजई गेली! म्हणून खाली कोरडा भुसा पसरा, वाऱ्याची बाजू झाका, वरचा झरोका मात्र उघडा ठेवा. तिन्हीसांजेला मूठभर भरडलेला मका घाला. तो पचता पचता अंगातली शेगडी रात्रभर धगधगत राहते.