दिल्लीतल्या खुर्च्या आणि रुपयामागे दोन आणे



महाराष्ट्राचे खासदार ४८ वरून किती होणार, याचा हिशेब आपण पारावर बसून करतो. १९७६ साली राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. २००१ साली ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. पण खुर्च्या किती यापेक्षा खुर्च्या कोणाच्या, हे आधी विचारा. इंग्रजांच्या काळातल्या दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाची गोष्ट त्यासाठीच सांगतो.

१९१९ च्या कायद्याने ते उभे राहिले. मत त्यालाच, जो ठराविक शेतसारा किंवा प्राप्तिकर भरेल. १९३४ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे १४ लाख. नाशिक जिल्हा मुंबई इलाख्याच्या मध्य विभागात; खानदेशापासून सोलापूर-साताऱ्यापर्यंत एकच मतदारसंघ, आणि त्यातून पुण्याचे न. चिं. केळकर यांच्यासारखे विद्वान जात. हरसूलच्या नागली-वरईवाल्याला कोण विचारतो? शेजारी जव्हार आणि सुरगाणा ही संस्थाने, तिथल्या रयतेला तर एकही जागा नाही. निजामाच्या मराठवाड्यालाही नाही. कापसाचे कोठार असलेला वऱ्हाड निवडणूक करी, पण मुलूख नावापुरता निजामाचा म्हणून निवडून आलेला सभासदही कागदोपत्री सरकारनियुक्तच.

मुंबई-अहमदाबादच्या गिरणीमालक संघांना मात्र आळीपाळीने एक राखीव जागा होती. व्यापाऱ्यांना होती, गोऱ्यांना होती, जमीनदारांना होती. कापूस पिकवणाऱ्याला नव्हती.

१८ जानेवारी १९२७ रोजी दिल्लीत त्या गोल इमारतीचे उद्घाटन झाले, जिला २०२३ पासून संविधान सदन म्हणतात. तिथल्या पहिल्याच अधिवेशनात रुपयाचा दर आला. सरकारला हवा होता १८ पेन्स, विरोधकांना १६. लिव्हरपूलला १८ पेन्सला विकलेल्या कापसाचे १६ च्या दराने हाती येतात १ रुपया २ आणे. १८ च्या दराने नुसता रुपया. रुपयामागे दोन आणे गेले, शेतसारा मात्र तेवढाच. गिरणीमालकही १८ पेन्सच्या विरोधात होते, पण त्यांचे दुखणे परदेशी स्वस्त कापडाचे. सरकारने बिल अवघ्या तीन मतांनी जिंकले. सभागृहात २६ सरकारी अधिकारी नेमलेले होते; हुकूम येईल तिकडे हात वर. तुमच्या आजोबा-पणजोबांचे दोन आणे त्या हातांनी नेले. १९३० साली गिरण्यांना परदेशी कापडावर संरक्षक जकात मिळाली. शेतकऱ्याला काय मिळाले ते सावकाराच्या वहीत बघावे.

आता मत सर्वांना आहे, सरकारी नेमणुका नाहीत. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचा ११ टक्के आयातकर गिरण्यांसाठी माफ झाला आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली, ऐन आपल्या वेचणीच्या हंगामात. १९२७ ला निदान मते मोजली होती. या वेळी एक अधिसूचना पुरली!

जागा लोकसंख्येवर वाढल्या तर त्या शहरांकडे जातील. २००८ च्या पुनर्रचनेपासून नाशिक लोकसभेच्या सहा विधानसभा मतदारसंघांत पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन नाशिक शहराचेच आहेत. हरसूल त्याच लोकसभेत.

आपला जिल्हा नाशिक, दिंडोरी आणि धुळे अशा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागला आहे. तिन्ही खासदारांना गावागावांतून एकच लेखी प्रश्न जाऊ द्या: आयातकर माफ झाला तेव्हा सभागृहात तुम्ही काय बोललात? आलेली उत्तरे, आणि न आलेलीही, हरसूलच्या बैठकीत घेऊन या.