अरबी शाळांतील भाषेचे सोवळे

कैरोच्या शाळेत प्रथम पाऊल टाकणारे मूल 'आता' या अर्थी 'दिलवाती' म्हणते. पाठ्यपुस्तक त्याच्यापुढे 'अल्-आन' ठेवते. कासाब्लांकातील मुलाचा शब्द तिसराच: 'दाबा'. फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी, ही ग्रंथांची, न्यायालयांची आणि वृत्तपत्रांची भाषा. ती घरात कोणीच बोलत नाही. तरीही पहिल्या दिवसापासून ती मुलाची स्वभाषाच आहे असे गृहीत धरून शाळा चालते.

शिक्षकांना विचारावे, तर वर्गात फुस्हाच हवी, बोली अशुद्ध, असे बहुतेक जण सांगतात. पण गणित अडले की तेच शिक्षक बोलीत समजावू लागतात. हा त्यांचा दांभिकपणा नव्हे. दांभिक आहे ते धोरण. ज्याच्यावाचून वर्ग चालत नाही, तेच ते निषिद्ध ठरवते.

हे सोवळे किती कडक आहे ते अनेकदा दिसले. मोरोक्कोत २०१३ साली नूरुद्दीन अय्यूश यांनी प्राथमिक शिक्षणात दारिजा या बोलीचा पुरस्कार केला, तेव्हा इतिहासकार अब्दुल्ला लारुई यांच्यासारखे विचारवंत विरोधात उतरले. अल्जीरियात २०१५ साली शिक्षणमंत्री नूरिया बेनगब्रित यांच्या अशाच सूचनेवर काहूर उठले. मोरोक्कोत २०१८ साली पाठ्यपुस्तकात 'बघरीर' या घरगुती पदार्थाचे नाव छापले गेले, एवढ्यावरून गदारोळ झाला. त्याच देशात २०१९ साली विज्ञान फ्रेंचमधून शिकविण्यास वाट देणारा कायदा मात्र विरोधाला न जुमानता संमत झाला. सत्तेची भाषा दाराशी अडत नाही. अडते ती आईची.

विरोधकांची शंका निराधार नाही. इजिप्तमध्ये १८९३ साली बोलीची वकिली केली ती विल्यम विल्कॉक्स या ब्रिटिश अभियंत्याने. अल्जीरियात फ्रेंच राजवटीने १९३८ साली अरबीलाच परकी भाषा ठरविले. शिवाय मोरोक्कोपासून इराकपर्यंतच्या जनतेला जोडणारा धागा फुस्हाच आहे. म्हणूनच फुस्हा हटवा ही मागणी प्रतिगामी ठरेल. शेतमजुराच्या मुलाला ती नाकारणे म्हणजे कायदा, ग्रंथ आणि राज्यकारभार यांची दारे त्याला बंद करणे होय.

परंतु ती त्याच्या हाती पडते कोठे? अरबी अध्यापनावरील जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालानुसार या प्रदेशातील दहा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. कारणे अनेक असतील. पण अनोळखी भाषेत अक्षरओळख करून देणे हे त्यांतील एक निश्चित आहे. धनिकांना याची झळ लागत नाही. त्यांची मुले फ्रेंच वा इंग्रजी शाळांत शिकतात आणि फुस्हाच्या पावित्र्याचा भार गरिबांच्या मुलांनी वाहावा लागतो.

तेव्हा आरंभीच्या वर्षांत बोलीला वर्गात उजळ माथ्याने प्रवेश मिळाला पाहिजे. घरातील शब्दाशेजारी पुस्तकातील शब्द ठेवून शिकविण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना दिले पाहिजे. शिक्षक आज जे चोरून करतात, ते अधिकाराने करू द्यावे. बोलीच्या पायरीवरून चढलेले मूलच फुस्हापर्यंत पोहोचेल. पायरीच काढून घेणाऱ्यांनी भाषाभिमानाच्या गोष्टी सांगू नयेत.