अमेरिकी क्रिकेटचा पेच : इतिहास जुना, पाया कच्चा

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २३ सप्टेंबर २०२५ रोजी ‘यूएसए क्रिकेट’ या संघटनेचे सदस्यत्व निलंबित केले, तेव्हा लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला तीन वर्षांहूनही कमी अवधी उरला होता. ज्या देशाच्या भूमीवर क्रिकेट १२८ वर्षांनंतर ऑलिम्पिकमध्ये परतणार आहे, त्याच देशात या खेळाच्या कारभाराला मान्यताप्राप्त धनी उरला नाही. सक्षम प्रशासकीय रचना उभारण्यात आलेले अपयश आणि अमेरिकी ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळविण्याच्या दिशेने न झालेली प्रगती, ही या कारवाईची प्रमुख कारणे होती. राष्ट्रीय संघांचा खेळण्याचा हक्क मात्र परिषदेने अबाधित ठेवला. प्रशासकांच्या चुकांची शिक्षा खेळाडूंना होऊ नये, ही त्यामागील भूमिका होती.

हा निर्णय अचानक आलेला नव्हता. परिषदेने जुलै २०२४ मध्येच संघटनेला सुधारणांसाठी वर्षभराची मुदत दिली होती आणि ती संपल्यावर आणखी तीन महिन्यांची वाढही दिली होती. त्याच काळात संघटनेने आपल्या व्यावसायिक भागीदार कंपनीशी असलेला करार मोडला आणि निलंबनानंतर काही दिवसांतच दिवाळखोरीविषयक कायद्याखाली संरक्षण मिळविण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. यापूर्वीच्या संघटनेची कहाणीही वेगळी नव्हती. ती २००५, २००७ आणि २०१५ अशी तीन वेळा निलंबित झाली व अखेर २०१७ मध्ये तिचे सदस्यत्व रद्द करण्यात आले. तिची जागा घेण्यासाठी आलेल्या ‘यूएसए क्रिकेट’ला जानेवारी २०१९ मध्ये सदस्यत्व मिळाले होते. दोन दशकांत दोन संघटना कोसळतात, तेव्हा दोष केवळ पदाधिकाऱ्यांच्या स्वभावात शोधून भागत नाही. त्याची मुळे अमेरिकी क्रिकेटच्या इतिहासात शोधावी लागतात.

हा इतिहास भारतातील बहुतेक रसिकांच्या कल्पनेपेक्षा फार जुना आहे. जगातील पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना लॉर्ड्‌सवर किंवा मेलबर्नला झाला नाही. तो सप्टेंबर १८४४ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला व कॅनडाने तो २३ धावांनी जिंकला. पहिल्या कसोटीला तेव्हा ३३ वर्षे अवकाश होता. इंग्लंडच्या संघाचा पहिला परदेश दौराही ऑस्ट्रेलियाचा नव्हता. जॉर्ज पार याच्या नेतृत्वाखालील इंग्लिश व्यावसायिक खेळाडू १८५९ मध्ये उत्तर अमेरिकेतच गेले होते.

त्यानंतर १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. सैनिकांच्या छावण्यांमध्ये बेसबॉल झपाट्याने पसरला. त्याला राखलेली खेळपट्टी लागत नव्हती आणि सामना काही तासांत संपत होता. क्रिकेट मागे पडले, पण संपले नाही. फिलाडेल्फियात ते आणखी अर्धशतक बहरले. तेथील क्लबांमध्ये १८८० पासून हॅलिफॅक्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. फिलाडेल्फियाच्या संघाने १८९३ मध्ये इंग्लंडहून परतणाऱ्या ऑस्ट्रेलियन संघाचा एक डाव आणि ६८ धावांनी पराभव केला. बेसबॉल खेळून क्रिकेटकडे वळलेला बार्ट किंग हा तेथील सर्वश्रेष्ठ गोलंदाज. हवेत चेंडू वळविण्याची त्याची हातोटी त्या काळी नवलाची होती. १९०८ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने प्रथम श्रेणी सामन्यांत ८७ बळी घेतले आणि ११.०१ च्या सरासरीने त्या हंगामातील इंग्लंडच्या गोलंदाजांच्या यादीत अग्रस्थान मिळविले.

याच काळातील मुंबईशी तुलना केली तर पुढच्या घडामोडींचे मर्म लक्षात येते. फिलाडेल्फियाचा संघ १८८४ मध्ये इंग्लंडला गेला, तर मुंबईच्या पारशी क्रिकेटपटूंनी १८८६ आणि १८८८ मध्ये इंग्लंडचे दौरे केले. दोन्ही ठिकाणी खेळ एका मर्यादित, सुस्थितीतील समाजाच्या हाती होता आणि दोन्ही ठिकाणी आदर्श इंग्रजच होते. पण मुंबईत हा खेळ जिमखान्याच्या कुंपणापलीकडे गेला. पारशांमागोमाग हिंदू आणि मुसलमान संघ उभे राहिले. १९०७ मध्ये तिरंगी आणि १९१२ मध्ये चौरंगी सामने सुरू झाले. बार्ट किंगच्या पराक्रमानंतर तीनच वर्षांनी, १९११ च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात बाळू पालवणकर यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता गोलंदाजी आत्मसात केलेल्या या दलित खेळाडूला जातीच्या भिंतींचा जाच अखेरपर्यंत सोसावा लागला. तरीही त्याला कायमचे संघाबाहेर ठेवणे कोणालाही शक्य झाले नाही. पुढे १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३४ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. पहिली कसोटी (१९३२) आणि देशव्यापी स्पर्धा यांत अवघ्या दोन वर्षांचे अंतर होते, ही बाब लक्षणीय आहे.

फिलाडेल्फियात असे काही घडले नाही. क्रिकेट तेथील प्रतिष्ठित कुटुंबांच्या क्लबांपुरतेच राहिले. त्याच क्लबांच्या हिरवळीवर टेनिस आले, शेजारी गोल्फची मैदाने तयार झाली आणि नव्या पिढीने तिकडे वाट वळवली. १९०९ मध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी ‘इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स’ स्थापन केली. नावाप्रमाणेच तिचे दार साम्राज्याबाहेरील देशांना बंद होते. वर्षभरापूर्वी ज्या देशाचा गोलंदाज इंग्लंडमध्ये सर्वांत यशस्वी ठरला होता, तो देश आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या परिघाबाहेर गेला. हॅलिफॅक्स चषकाची परंपरा १९२६ मध्ये खंडित झाली. मेरियन आणि जर्मनटाऊन या क्लबांच्या नावांत ‘क्रिकेट’ हा शब्द टिकला. त्यांची ओळख मात्र टेनिसचे क्लब अशीच होत गेली.

दुसरा अध्याय १९६५ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी क्रिकेट परिषदेने नावातील ‘इम्पीरियल’ हा शब्द वगळला आणि सिलोन व फिजी यांच्यासह अमेरिकेला सहसदस्यत्व दिले. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेने आपला स्थलांतरविषयक कायदा बदलला आणि आशियाई देशांतील लोकांना तेथे स्थायिक होण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढील काही दशकांत भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या लोकांनी न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंत सार्वजनिक उद्यानांतील मोकळ्या मैदानांवर, अनेकदा सिमेंटच्या पट्टीवर चटई अंथरून, हा खेळ जिवंत ठेवला. नोकरी-धंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून चाललेल्या या लीगच अमेरिकेचे देशांतर्गत क्रिकेट होत्या. मात्र एकेका शहरातील लीगचे गट, त्यांची निष्ठा आणि त्यांचे वाद हेच राष्ट्रीय संघटनेच्या राजकारणाचेही भांडवल झाले. २००४ च्या चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत अमेरिकेला प्रथमच एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याची संधी मिळाली. न्यूझीलंडने तिला २१० धावांनी हरविले, तर ऑस्ट्रेलियाने ६५ धावांत गुंडाळले. पुढच्याच वर्षी पहिले निलंबन आले.

आता तिसऱ्या अध्यायात पैसा आला आहे. जुलै २०२३ मध्ये ‘मेजर लीग क्रिकेट’ ही सहा संघांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. त्यांपैकी चार संघांमागे आयपीएलशी संबंधित गुंतवणूकदार आहेत, तर उरलेल्या दोन संघांना ऑस्ट्रेलियातील राज्य संघटनांचे सहकार्य लाभले आहे. टेक्सासमधील ग्रँड प्रेअरी येथे बेसबॉलच्या जुन्या स्टेडियमचे क्रिकेट मैदानात रूपांतर झाले. पाठोपाठ २०२४ चा टी-२० विश्वचषक वेस्ट इंडिजच्या जोडीने अमेरिकेत आला आणि यजमान संघाने साऱ्यांनाच चकित केले. सलामीच्या लढतीत कॅनडाविरुद्ध १९५ धावांचे लक्ष्य गाठताना आरोन जोन्सने नाबाद ९४ धावा केल्या. ६ जून रोजी पाकिस्तानविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने बाजी मारली. ते निर्णायक षटक टाकणारा सौरभ नेत्रावळकर हा मुंबईचा खेळाडू. भारताकडून २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक आणि पुढे मुंबईकडून रणजी सामना खेळल्यानंतर तो उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेला व संगणक अभियंता म्हणून स्थिरावला. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने रोहित शर्मा आणि विराट कोहली या दोघांनाही बाद केले.

महाराष्ट्रातील घराघरांत या यशाचे कौतुक झाले, ते स्वाभाविकच होते. परंतु त्याच यशात अमेरिकी क्रिकेटची उणीवही दडलेली आहे. नेत्रावळकर घडला तो मुंबईच्या मैदानांवर. त्याचा सहकारी हरमीत सिंग हाही मुंबईचाच. कोरी अँडरसन न्यूझीलंडच्या देशांतर्गत व्यवस्थेत तयार झाला. फ्लोरिडात जन्मलेल्या स्टीव्हन टेलरसारखे खेळाडू अपवादात्मक ठरले. परदेशात घडलेल्या खेळाडूंना वास्तव्याच्या अटी पूर्ण करून संघात घेणे नियमांना धरून आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र इतर देशांच्या मशागतीवर आलेले पीक दरवर्षी हाती येईलच, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

अमेरिकेत क्रीडा मंत्रालय नाही. खेळाडू घडविण्याचे काम तेथे प्रामुख्याने शाळा आणि महाविद्यालये करतात. बास्केटबॉल असो, जलतरण असो की अॅथलेटिक्स, महाविद्यालयीन स्पर्धा हाच राष्ट्रीय संघाचा मुख्य पुरवठा असतो. या व्यवस्थेत क्रिकेटला जवळपास स्थान नाही. फिलाडेल्फियाजवळील हॅवरफर्ड महाविद्यालयाने एकोणिसाव्या शतकापासून आपला अधिकृत क्रिकेट संघ जपला आहे, पण तो अपवाद म्हणूनच ओळखला जातो. दुसरीकडे न्यूयॉर्क शहरातील सार्वजनिक शाळांच्या क्रीडा लीगमध्ये २००८ पासून क्रिकेटचा समावेश आहे. स्थलांतरितांची अमेरिकेत जन्मलेली मुले तेथे शाळेचा गणवेश घालून क्रिकेट खेळतात. हा प्रयोग इतर शहरांत त्याच गतीने रुजवण्याचे काम राष्ट्रीय संघटनेचे होते. तिची शक्ती मात्र निवडणुका, खटले आणि करारांच्या वादांत खर्ची पडली.

मेजर लीगचा हंगाम जेमतेम महिनाभराचा असतो. त्यातून प्रेक्षक मिळतात, प्रायोजक मिळतात आणि काही स्थानिक खेळाडूंना जगातील नामवंतांच्या सहवासात खेळता येते. हा लाभ लहान नाही. तथापि, उरलेल्या अकरा महिन्यांत चौदा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने कोठे खेळावे, कोणाकडून शिकावे आणि चांगली कामगिरी केल्यास तिची नोंद कोणी घ्यावी, या प्रश्नांचे उत्तर फ्रँचायझी देऊ शकत नाही. खासगी लीग खेळाचा कळस उभारू शकते. पाया घालण्यासाठी उत्तरदायी संस्था लागते.

ऑलिम्पिकने हा प्रश्न तातडीचा केला आहे. क्रिकेटच्या समावेशावर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील अधिवेशनातच शिक्कामोर्तब केले. पुरुष आणि महिला गटांत प्रत्येकी सहा संघ टी-२० प्रकारात खेळतील. अमेरिकेच्या ऑलिम्पिक व्यवस्थेत प्रत्येक खेळासाठी एक मान्यताप्राप्त राष्ट्रीय संस्था अपेक्षित असते आणि ती मान्यता खेळाडूंचे प्रतिनिधित्व व स्वच्छ कारभार यांच्या कसोटीवर मिळते. क्रिकेटने ही कसोटी पार केली, तर इतर ऑलिम्पिक खेळांना मिळणाऱ्या सुविधा आणि प्रतिष्ठेचे दार त्याला खुले होऊ शकेल. शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचण्याची इतकी चांगली संधी या खेळाला तेथे पूर्वी कधीही मिळाली नव्हती.

२०२४ च्या विश्वचषकासाठी न्यूयॉर्कजवळील नासाऊ काउंटीत ३४ हजार प्रेक्षकांचे तात्पुरते स्टेडियम उभारण्यात आले होते. शेवटचा सामना संपला आणि ते लगेच उतरवण्यास सुरुवात झाली. ऑलिम्पिकमधील क्रिकेटसाठीही लॉस एंजेलिसजवळील पोमोना येथे तात्पुरतेच मैदान योजले आहे. आसने आणि मनोरे उतरवले गेले तरी फारसे बिघडत नाही. मात्र स्पर्धेनंतरच्या सकाळी न्यूयॉर्क वा टेक्सासमधील एखाद्या मुलीला बॅट हाती घ्यावीशी वाटली, तर तिच्यासाठी शाळेत संघ, जवळपास मैदान आणि विश्वासार्ह संघटना असेल का, यावर १८४४ मध्ये सुरू झालेल्या या कहाणीचे पुढचे पान अवलंबून आहे.