इन्व्हर्टरचा आवाज आणि आजोबांचा ऑक्सिजन

रात्री दोनला वीज येते, छताचे पंखे वेग घेतात आणि जिन्याखाली ठेवलेला इन्व्हर्टर घरघरू लागतो. 'आता लाइट आली ना, मग हा का ओरडतोय?' असे म्हणत कोणीतरी उठते आणि त्याच्यावर जाड चादर टाकते. आवाज कमी होतो, घर झोपी जाते.

खरे तर त्या वेळी इन्व्हर्टरच्या आतला पंखा आपले काम करत असतो. वीज आली की रिकामी झालेली बॅटरी भरू लागते, त्या चार्जिंगमध्ये आतले भाग तापतात आणि तापमान ठराविक मर्यादेपलीकडे गेले की पंखा सुरू होतो. त्याच्यावर चादर टाकणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळण्यासारखे आहे.

बहुतेक घरांत याचा लगेच काही परिणाम दिसत नाही. दोन छताचे पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून दोनशे वॉटच्या आसपास भार होतो. एवढ्यावर अनेक इन्व्हर्टर फारसे तापत नाहीत, आतला पंखा क्वचितच फिरतो. त्यामुळे तो बंद पडला तरी कोणाला कळत नाही. धूळ साचते, बेअरिंग कोरडे पडते, कोकणात खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात, कधी जाळीतून शिरलेली पाल पात्यांत अडकते. महिनोन्महिने घर अशा बंद पंख्यावर बिनघोर चालते.

मग घरात ऑक्सिजनचे यंत्र येते. सीओपीडी, फुप्फुसांचा फायब्रोसिस अशा आजारांत डॉक्टर घरी ऑक्सिजन लावायला सांगतात. (सीओपीडी फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो हा गैरसमज आहे. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायका हे रुग्ण म्हणून प्रत्येक सरकारी रुग्णालयात येतात.) पाच लिटरचे घरगुती कॉन्सन्ट्रेटर साधारण तीनशे ते साडेतीनशे वॉट खाते आणि तेही अखंड. सुरू होताना त्याचा कॉम्प्रेसर क्षणभर याहून बराच जास्त भार टाकतो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी तीस अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढावा लागतो. इन्व्हर्टर खरा तापतो तो आता. पंख्याची पहिल्यांदा खरी गरज पडते तीही आताच, आणि पंखा बंद आहे हे समजते तेही आताच. इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी शिटी वाजवून बंद होतो. मे महिन्यातल्या विदर्भात, बंद कोनाड्यात, हे अर्ध्या तासातही घडू शकते.

अशा वेळी घरातला जाणता माणूस बटण दाबून इन्व्हर्टर पुन्हा सुरू करतो, आणि तो पुन्हा बंद पडतो. 'बॅटरी गेली' असा निष्कर्ष निघतो. अनेकदा बॅटरी ठणठणीत असते, गेलेला असतो तो काही शे रुपयांचा पंखा. काही मिनिटांनी थंड झाल्यावर इन्व्हर्टर आपोआप चालू होत असेल, तर दोष बॅटरीत नसून तापण्यात आहे असा संशय आधी घ्यावा.

इथे दोष एकट्या कुटुंबाचा नाही. डिस्चार्ज कार्डावर 'मिनिटाला दोन लिटर, रोज पंधरा तास' असे लिहून दिले जाते. घरी वीज किती वेळ जाते, इन्व्हर्टर कोणता आहे, तो हे यंत्र पेलेल का, हे सहसा कोणी विचारत नाही. औषधाची मात्रा सांगणाऱ्या डॉक्टरने हेही विचारले पाहिजे. ऑक्सिजन हे औषध आहे आणि ते तारेतून येत असेल तर तारेची चौकशी हा उपचाराचाच भाग आहे.

घरच्यांना बरेच काही स्वतः पाहता येते. इन्व्हर्टरभोवती चारी बाजूंनी किमान अर्धा फूट जागा मोकळी ठेवावी. वर वर्तमानपत्रे, चादर, देवघराचे सामान नको. सततची घरघर किंवा खरखर असेल तर बेअरिंग झिजले असण्याची शक्यता मोठी. तेलाचे दोन थेंब सोडून ते चार दिवस गप्प बसेल, पण पंखा बदलणेच बरे. मात्र इन्व्हर्टर घरी उघडू नये. मेन स्विच बंद केला तरी त्याला बॅटरीची जोडणी असते आणि आतले कपॅसिटर भरलेले राहू शकतात. पंखा बदलून घेताना इलेक्ट्रिशियनला एक विचारावे: हवेची दिशा पूर्वीचीच आहे ना? उलटा बसवलेला पंखा फिरताना दिसतो, पण गरम हवा बाहेर न फेकता आतच कोंडतो.

बॅटरीचे भान वेगळे ठेवावे लागते. अ‍ॅसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. इन्व्हर्टरचा पंखा हा वायू घराबाहेर नेत नाही, त्यासाठी खिडकीच लागते. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर बॅटरी अति चार्ज होते आहे असे समजून चार्जिंग थांबवावे, दारे-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडावे. तो वायू विषारी आहे आणि नाकाची संवेदना बोथट करतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नव्हे. बॅटरी रुग्णाच्या खोलीत तर कधीच नको. पाणी भरताना अ‍ॅसिड डोळ्यात उडाले तर चोळू नये, सोडा लावू नये. स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि मगच रुग्णालय गाठावे. ही वीस मिनिटे अनेकदा रिक्षा शोधण्यात जातात.

घरात ऑक्सिजनचा रुग्ण असेल तर मार्च-एप्रिलमध्ये एकदा, दिवसाढवळ्या, चाचणी घ्यावी. रुग्णाला सिलिंडरवर ठेवून मेन स्विच बंद करावा आणि यंत्र अर्धा-पाऊण तास इन्व्हर्टरवर चालवावे. पंख्याच्या जाळीपुढे हात धरला की गरम झोत लागतो का, ते पाहावे. इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा असावा. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसरची मोटर जास्त तापते. चांगल्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर हे यंत्र साधारण तीन-चार तास चालेल, जुन्या बॅटरीवर त्याच्या निम्मेही नाही. कॉन्सन्ट्रेटरलाही स्वतःचा पंखा आणि धुळीचा फिल्टर असतो, हे त्याच दिवशी आठवावे.

इन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी भरलेला सिलिंडर हवाच. दीड हजार लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने सुमारे बारा तास पुरतो. घाबरून प्रवाह वाढवू नये. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि रुग्ण गुंगीत जातो. कार्डावर लिहिलेला आकडा सिलिंडरवर मोठ्या अक्षरात चिकटवावा. आणि सिलिंडर उघडायची चावी त्यालाच दोरीने बांधून ठेवावी, म्हणजे अंधारात ती शोधावी लागणार नाही.